पाच नंबरची हजेरी

१

सहलीला एकतीस मुलं नेली की एकतीस परत आणायची, एवढंच माझं शिक्षणशास्त्र. बाकी सगळं पुस्तकात आहे. मी चौथीच्या वर्गाची बाई. सहा वर्षांत माझं एकही मूल कुठे मागे राहिलेलं नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या गणतीला.

गणती म्हणजे असं. प्रत्येकाला एक नंबर. मी "गणती!" म्हणून ओरडले की एकापासून सुरू करून प्रत्येकाने आपापला नंबर म्हणायचा. एखादा नंबर आला नाही तर तो येईपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, कोणी हलायचं नाही. चेहरे मी बघत नाही. वर्गातली हजेरीसुद्धा मी फळ्याकडे तोंड करून, तारीख लिहिता लिहिता घेते. दुसऱ्याच्या नावावर कोणी "हजर" म्हणालं, तर पाठमोरीच सांगते, "तू बस खाली. ज्याचं नाव आहे तो घरी आहे." मुलांना वाटतं बाईंना पाठीला डोळे आहेत. माझे कान चांगले आहेत, एवढंच.

घरातही मी तेच लावलं होतं. सासूबाई एक, नवरा दोन, मी तीन आणि आमची सहा वर्षांची मुलगी चार. ती एका जागी उभी राहत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

बेटावर जायचा हट्ट माझा. सातवा महिना लागला होता. डॉक्टर हो म्हणाले होते, शाळेला सुट्टी होती आणि एकदा बाळ आलं की दोन वर्षं कुठे हलता येणार नाही, हे मला माहीत होतं.

"या दिवसांत कोणी समुद्रावर जातं का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी समुद्रात बाळंत व्हायला नाही चाललेय."

"तोंड बघा हिचं!" असं म्हणून त्यांनी सगळ्यात आधी स्वतःची पिशवी भरली.

मला चीड होती ती एकाच गोष्टीची. बाई गरोदर राहिली की सगळं जग तिला घाबरायला शिकवत सुटतं. हे करू नको, तिकडे बघू नको, त्याचं नाव घेऊ नको. मी ठरवलं होतं की माझं बाळ पोटात असताना भीती शिकणार नाही. मला समुद्र हवा होता, ऊन हवं होतं आणि चौघांचा धिंगाणा हवा होता.

पहिल्या दिवशी वाळूत पाय ठेवल्या ठेवल्या मी गणती लावली. एक, दोन, तीन, चार झालं आणि भिंगरी म्हणाली, "आणि बाळाचा नंबर?"

"पाच," मी म्हणाले.

"मग तो येईपर्यंत थांबायचं. तुझाच नियम आहे."

बरोबर होतं तिचं. म्हणून आम्ही थांबलो. चौघं रांगेत, समुद्राकडे तोंड करून, हसू दाबत, गप्प. एक लाट आली, फुटली, मागे गेली. आम्ही थांबून होतो. सासूबाई पुटपुटल्या, "पुरे झाला हा खेळ." पण मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

त्या वाट बघण्याबद्दल मी आजही कोणाला दोष देऊ शकत नाही. कल्पना माझी होती.

२

दुसऱ्या दिवशी नवरा आणि भिंगरी कमरेएवढ्या पाण्यात होते. सासूबाई साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून समुद्राला सूचना देत होत्या. मी नारळाच्या सावलीत, खुर्चीत. दर पंधरा मिनिटांनी गणती.

"एक."

"दोन!"

"तीन."

"चाऽर!"

आणि मग, आम्ही थांबलो तेवढ्यात, "पाच."

"शाबास," मी म्हणाले.

ते तोंडातून गेलंच. मुलाने बरोबर उत्तर दिलं की माझ्या तोंडून शाबास निघतं, झोपेतसुद्धा. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि मग माझा हात थांबला.

जेवताना मी विचारलं, "भिंगरे, पाच तू म्हणालीस ना?"

"मी नाही. बाबा म्हणाला."

"मी कशाला म्हणू? आई म्हणाली असेल," नवऱ्याने सासूबाईंकडे बोट दाखवलं.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "मला वाटलं हीच म्हणाली. म्हटलं, पोटातल्या बाळाचे आवाज काढताना हिला काही वाटत कसं नाही!"

सगळे हसले. मीही हसले. पण माझे कान मला फसवत नाहीत. आवाज उजवीकडून आला होता, जिथे काळे खडक पाण्यात उतरतात आणि जिथे कोणी नव्हतं. आणि तो आवाज भिंगरीचा नव्हता. पहिलीतलं मूल अक्षराला अक्षर लावून वाचतं ना, तसा होता. पा. च. अर्थ कळलेला नाही, पण बाई खूश होतील म्हणून म्हटलेला.

शेजारच्या कॉटेजमधलं कोणी असेल. वाऱ्याने आवाज इकडचा तिकडे जातो. मी स्वतःला हे नीट समजावून सांगितलं आणि ते पटलंसुद्धा.

जेवण झाल्यावर मी डाव्या कुशीवर पडले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुपारी बाळाच्या दहा हालचाली मोजायच्या. दोन तासांच्या आत दहा झाल्या की काळजी नाही. आदल्या दिवशी वीस मिनिटांत दहा झाल्या होत्या. त्या दिवशी सव्वा तास लागला.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज दोनदा आला. पहिल्यांदा खडकांच्या अलीकडून. दुसऱ्यांदा उथळ पाण्यातून, जिथे तळ दिसतो.

मी भिंगरीला जवळ घेतलं. "आजपासून गणती चारपर्यंतच. कळलं?"

"पण मग पाचला वाटेल आपण त्याला विसरलो."

"पाच माझ्या पोटात आहे. त्याला काही वाटत नाही."

"तू त्याला शाबास म्हणालीस," ती म्हणाली. "मला ऐकू आलं."

दुपारी किनाऱ्यावरून कॉटेजकडे परत निघताना वाळू धुवायला आम्ही न्हाणीपाशी थांबलो. तीन भिंती, एक लाकडी दार, वर उघडं आकाश आणि एक फवारा. सवयीने मी गणती लावली. एक, दोन, तीन, चार. मी टॉवेल उचलला. सासूबाई चालू लागल्या. भिंगरी मात्र हलेना. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ती वाळूत खांबासारखी उभी.

"चल ना गं," नवरा म्हणाला.

"एक नंबर यायचाय."

आणि बंद दाराच्या आतून पाणी सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्या पाण्यातून, "पाऽच."

या वेळी सूर भिंगरीचा होता. ती चार जसा लांबवते, अगदी तसा लांबवलेला. शाबास माझ्या जिभेवर आलं होतं. मी दातांनी ते अडवलं.

नवऱ्याने जाऊन दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फवारा धो धो चालू होता. त्याने तो बंद केला, नळ ठोकून पाहिला आणि हात झटकत आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगात दोनच कारणं असतात, तार नाहीतर हवा.

"पाइपात हवा अडकली की माणसासारखा आवाज येतो, बाईसाहेब. लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी रोज ऐकतो. एकदा तर पाइपने माझं नाव घेतलं होतं."

"मग तू काय केलंस?"

"ओ दिली. सवय!"

तो हसला. मी हसले नाही, कारण माझा हात पोटावर होता. फवारा सुरू व्हायच्या क्षणी बाळ कूस बदलत होतं. टाच की कोपर, काहीतरी बरगडीखालून सरकत होतं. आवाज आला आणि ते मध्येच थांबलं. वर्गात एखादं मूल उत्तर द्यायला अर्धवट उठतं आणि दुसरंच कोणी ते देऊन टाकतं, मग पहिलं हळूच खाली बसतं. तसं.

दोन तासांत हालचाली झाल्या चार.

४

मी रडत बसणारी बाई नाही. दोन तास पूर्ण झाले तसं मी नवऱ्याला उठवलं, पायात चपला घातल्या आणि आम्ही बेटावरच्या दवाखान्यात गेलो. एकच खोली, पांढरा पडदा, दुधी काचेचं दार, भिंतीवर वजनाचा तक्ता. नर्स वयाने माझ्याएवढीच होती, हात थंड आणि बोलणं सरळ. नवरा आणि भिंगरी बाहेर बाकावर बसले.

तिने पोटावर जेल लावलं आणि यंत्राची दांडी फिरवली. आधी खरखर. मग टपटपटपटप, लहानसा घोडा पळतोय तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते आवडलं नाही, पण आलं.

"ठोके छान आहेत," ती म्हणाली. "पण हालचाल कमी वाटते तर थांबायचं नाही. पलीकडे मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी करून घ्या. आजची बोट गेली. उद्या अकराची पकडा. मी चिठ्ठी देते. रात्रीत काही वेगळं वाटलं तर मला हाक मारा, मागेच राहते मी."

"भीतीचं काही आहे का?"

"भीतीचं असतं तर मी आत्ताच धावपळ केली असती." चिठ्ठी लिहिता लिहिता तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. "मुलांना आत बोलवा ना. बाहेर ऊन आहे, इथे पंखा तरी आहे."

"मुलगी आहे एक. बाबाजवळ बसलीय."

"हो का?" तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. काचेतून फक्त सावल्या दिसत होत्या. एक सावली लांब, बाकावरची. तिच्या शेजारी पाय हलवणारी छोटी. आणि एक दाराच्या अगदी जवळ, काचेला नाक लावल्यासारखी, भिंगरीपेक्षाही लहान. "मग दुसऱ्या कोणाचं असेल."

मी दार उघडलं. बाकावर नवरा आणि भिंगरी होते. पायरीवर पाणी होतं. दवाखान्याची पायरी, कोणीतरी नुकतीच पुसली असेल.

"कोण होतं इथे?"

"कुठे?" नवरा म्हणाला.

भिंगरीने बाकावर आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडली होती.

५

कॉटेजच्या ओसरीवर सासूबाई ओले कपडे वाळत घालत होत्या. सूर्य अजून बराच वर होता. मी त्यांना सगळं सांगितलं. आधी नर्सचं, मग माझ्या कानांचं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. चिमटा दातांत धरून त्यांनी टॉवेल झटकला, दोरीवर टाकला आणि मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आपण उभे राहिलो होतो. आठवतं? मला ते आवडलं नव्हतं. रिकाम्या जागेकडे बघून चार माणसं वाट बघतात म्हटल्यावर, कोणीतरी येणारच."

"आई, असं काही नसतं."

"नसू दे. मग तू इतकी पांढरी का पडलीस?"

मी खुर्चीत बसले आणि विचार केला, चिडून, पेपर तपासताना करते तसा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण खोटी हजेरी मी ओळखते. कोणीतरी माझ्या मुलाच्या नंबरवर हजर म्हणत होतं. मी त्याला शाबासकी दिली होती. रोज तो जवळ येत होता आणि रोज त्याचा उच्चार सुधारत होता. तो आमच्याकडून शिकत होता. आणि माझं मूल आत हळूहळू खाली बसत होतं.

नंबर बंद करून उपयोग नव्हता, ते न्हाणीपाशी कळलं होतं. भिंगरी थांबणारच, आणि नंबर रिकामा असेल तर तो येणारच. नंबर भरायला हवा होता. आतल्या माणसाने, त्याच्या आधी.

"उद्या धक्क्यावर शेवटची गणती करायची," मी म्हणाले. "आणि पाच मी म्हणणार. बाळ माझ्यात आहे. त्याच्या वतीने मी."

"आणि तीन?"

"तीन रद्द."

सासूबाई दोरीपाशी उभ्याच राहिल्या. त्यांच्या हातात भिंगरीचा एवढासा पोहण्याचा पोशाख होता, त्यातून थेंब गळत होते. "रद्द कसं होईल? पाच रिकामा राहिला तर हे झालं. तीन रिकामा राहिला तर?"

मी एक चिमटा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"माझा एक रिकामा ठेव," त्या म्हणाल्या. "पाच मी म्हणते, तू तुझा तीन म्हण. माझं जगून झालंय. मला कोणी उचलून नेलं तरी ते आठ दिवसांत परत आणून सोडतील, माझ्या तोंडापुढे टिकायचे नाहीत."

मला हसू आलं. "नाही आई. जिच्या पोटात बाळ आहे तिच्याच तोंडून पाच गेलं पाहिजे. आणि मला माझ्या नंबरची गरज नाही. मी काही हरवणारी बाई नाही."

"फार पटकन बोलतेस तू," त्या म्हणाल्या. "नेहमीच."

६

धक्का लाकडी फळ्यांचा होता. फळ्यांमध्ये बोटभर फटी, फटींतून खाली हिरवं पाणी चमकताना दिसायचं. अकराला दहा मिनिटं होती. ऊन कडक होतं.

"माणसं किती?" बोटवाल्याने विचारलं.

"चार," नवरा म्हणाला.

बोटवाल्याने आमच्यावरून नजर फिरवली. "पाच ना?" मग माझ्या पोटाकडे पाहून तो दिलखुलास हसला. "बरं, चारच. पाचव्याचं तिकीट नाही लागत."

मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. नवऱ्याला काही समजावलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं की तीनच्या जागी कोणी बोलायचं नाही. त्याने खांदे उडवले होते. भिंगरीला सांगितलं, "आई आता पाच आहे. दोन झालं की लगेच तू चार म्हणायचं. थांबायचं नाही. हा नवा नियम."

"आणि तीन?"

"तीन नाहीये."

तिने कपाळाला आठी घातली. सहा वर्षांच्या मुलीला नियम मोडलेले आवडत नाहीत.

"गणती!"

"एक," सासूबाई म्हणाल्या, वरच्या पट्टीत, कोणाशी तरी भांडल्यासारख्या.

"दोन."

"चार," भिंगरी म्हणाली.

त्याच क्षणी मला आमच्या पायाखालून श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलायच्या आधी लहान मूल घेतं तसा. मी खाली पाहिलं. सगळ्या फटींतून पाणी चमकत होतं. माझ्या दोन पावलांमधल्या फटीतून चमकत नव्हतं. तिथे काहीतरी खालून फळीला टेकलेलं होतं, फिकट, ओलं, आणि ते उघडत होतं.

"पा—"

"पाच!" मी ओरडले. छाती फुटेल इतक्या जोरात. बोटवाला दचकला. धक्क्याच्या टोकाचे पक्षी उडाले. "पाच हजर!"

खालचा आवाज अर्ध्यावर तुटला. एक क्षण काहीच नाही. मग फटीत पाणी दिसलं, हिरवं, चमकणारं, साधं.

आणि पोटात लाथ बसली. अशी की मी वाकले आणि नवऱ्याचा दंड धरला.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही," मी म्हणाले. मी रडत होते आणि या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. "उठलंय."

७

बोट निघाली. मी मधल्या बाकावर बसले, दोन्ही हात पोटावर, लाथा मोजत. दोन. तीन. बेट मागे लहान होत गेलं. सहा. सात. नवरा नर्सची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता आणि म्हणत होता की सोनोग्राफी तरीही करायची, आणि मी हो म्हणत होते, करायचीच. दहा. बारा मिनिटांत दहा. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. आमच्या मागे सामानाचा ढीग होता, बॅगा, पिशव्या, वाळूची बादली, त्यावर ओली ताडपत्री. भिंगरी त्या ढिगाला पाठ टेकून बसली होती.

तिला कंटाळा आला. कंटाळा आला की ती माझी नक्कल करते.

"गणती!" ती ओरडली.

"ए, नको," मी म्हणाले. पण सवय मोठी असते.

"एक," सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

"दोन," नवरा चिठ्ठीतून मान न काढता म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटले.

"तीन."

ताडपत्रीमागून. शांत, स्वच्छ, थोडा थकलेला, शेवटच्या तासाचा आवाज. फळ्याकडे तोंड करून काढलेला. माझा.

"चार," भिंगरी म्हणाली, मागे न बघता, समाधानाने. तिची आठी गेली होती. नियम पुन्हा जागेवर बसला होता.

नवऱ्याने चिठ्ठीची घडी घातली. त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं. त्याने बायकोचा आवाज ऐकला होता. फक्त सासूबाईंनी डोळे उघडले होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या मिटलेल्या तोंडाकडे. त्यांची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली.

आता माझी पाळी होती. पोटातलं थांबलं होतं, उठून उभं, वाट बघत.

"पाच," मी म्हणाले. लाथ आली. हजर. ते माझंच होतं, आणि ते मी कोणालाही देणार नव्हते.

"आई, पाणी," भिंगरी म्हणाली.

बाटली माझ्या पायाशी नव्हती. मी ती उचलायला वाकले तेव्हा कळलं. भिंगरीने हात मागे केला होता, ढिगाकडे, माझ्याकडे नाही. आणि तिचा हात परत आला तेव्हा त्यात बाटली होती, झाकण काढलेली.

"शाबास," मागून कोणीतरी म्हणालं.

सहा वर्षं मी एकदाही मागे वळून हजेरी घेतली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. मी एका हाताने पोट धरलं, दुसऱ्याने सासूबाईंचा खांदा, आणि हलत्या बोटीत उठून उभी राहिले.

"भिंगरे," मी म्हणाले, "इकडे ये. माझ्याकडे बघ, आवाजाकडे नको. तोंडाकडे बघ."

आणि मी वळले.